गच्चीची किल्ली आणि आठ किलो मिरची

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, हडपसरहून मुद्दाम आलेले माननीय रावसाहेब काळभोर, व्यासपीठावरचे आपले सत्कारमूर्ती आणि संस्थेचे मावळते चेअरमन दत्तप्रसाद बेलसरे, सौ. बेलसरेवहिनी, आणि ‘मधुमालती’च्या तिन्ही विंगमधल्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी ललिता मेश्राम, बी विंग, तिसरा मजला, पोस्टातून निवृत्त. मला निरोप आला की साहेब परवा कायमचे बंगलोरला लेकीकडे, निकिताकडे निघालेत, तर ज्येष्ठ म्हणून तुम्ही चार गोड शब्द बोला. गोड शब्द माझ्याआधीच्या तीन वक्त्यांनी संपवले. साहेबांनी बोअर मारून घेतली, लिफ्ट चालू ठेवली, पार्किंगचे पट्टे आखले. सगळं खरं आहे, मी टाळ्याही वाजवल्या. पण मला राग आलेला आहे, आणि तो परत घरी घेऊन जायची माझी इच्छा नाही.

आम्ही मूळचे भंडाऱ्याचे. वर्षाचा काळा मसाला घरी करायचा, ही आमच्याकडे हौस नाही, सवय आहे. एप्रिलात मिरची येते. तिचे देठ काढायचे आणि चार दिवस कडक उन्हात ती अशी वाळवायची की हातात घेतल्यावर मोडली पाहिजे, वाकता कामा नये. मग धने, खोबरं, दगडफूल वेगवेगळं भाजून कांडपावर न्यायचं. बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवले की वर्षभर जाळी धरत नाही. यात अवघड काय आहे? काही नाही. ऊन तेवढं लागतं. माझी बाल्कनी उत्तरेला. मग आपल्या इमारतीत ऊन कुठे मिळणार? गच्चीवर.

त्या गच्चीला दोन वर्षांपूर्वी साहेबांनी कुलूप घातलं. वर माणसं फिरली तर गॅरंटी देणार नाही, असं वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला म्हणे. दारावर पाटी लागली, ‘ही गच्ची आहे, मंडई नव्हे.’ मी अर्ज केला. उत्तर आलं, अर्ज विचाराधीन आहे. असे चार अर्ज, चार उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरावर जावक क्रमांक. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण इतकी नीटनेटकी टाळाटाळ मी तिथेही पाहिली नाही. समक्ष भेटले तर साहेब म्हणाले, एवढा खटाटोप कशाला करता, मॉलमध्ये पाकीट मिळतं की.

पहिल्या वर्षी मी पार्किंगमध्ये चादर पसरली. सावलीतली मिरची, ती वातडच राहिली. मला वाटलं, भाजताना ओल निघून जाईल. नाही गेली. गणपती यायच्या आत बरणीत बुरशी. आईच्या हाताखाली हे सगळं शिकलेली बाई मी, सहा किलो मसाला कचऱ्यात टाकून आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. त्यात हसण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या वर्षी सातव्या मजल्यावरच्या अभयला माझी दया आली. सॉफ्टवेअरमधला मुलगा, मनाने चांगला. म्हणाला, “काकू, फाइव्ह मिनिट्सचं काम आहे, मायक्रोवेव्हमध्ये ड्राय होईल.” तिसऱ्या मिनिटाला काय झालं ते बी विंगला आठवत असेल, कारण सगळी विंग खोकत खोकत खाली आली होती. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, ‘मिरची व विद्युत उपकरणे यांचा संयोग करू नये.’ त्यावरही जावक क्रमांक होता. त्या वर्षी मसाला झालाच नाही.

आता हे तिसरं वर्ष. सोमवारी माझ्या भावाने, मच्छिंद्रने, आठ किलो मिरची पाठवली आहे. ती बाल्कनीत पोत्यात पडून आहे. मी परत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, जूनमध्ये नवी कमिटी येईल, तिच्याकडे किल्ली मागा. जूनमध्ये मिरची कोणत्या उन्हात वाळवायची, ते त्यांनी सांगितलं नाही. गच्चीच्या दोन्ही किल्ल्या साहेबांकडे आहेत आणि साहेब परवा निघाले आहेत.

आणि मी दारातून निघताना ते काय म्हणाले, हे सभागृहाला कळायला हवं. म्हणाले, “मेश्रामबाई, कुलपाआधी दर वर्षी आमच्याकडे पाठवायचात, तो जुना मसाला असला तर दोन किलो द्या. बंगलोरला तसा मिळायचा नाही.”

साहेब, मॉल बंगलोरलाही आहेत.

पण मी रिकाम्या हाताने आलेली नाही. कुलूप लागायच्या आधीच्या वर्षातला अर्धा किलो माझ्याकडे उरला होता, तो सगळा या बरणीत आहे. वहिनी, ही तुमच्या हातात देते. दोन वर्षं वाटी घेऊन तुम्ही माझ्याकडे यायचात आणि रस्सा असा कशाने होतो, ते साहेबांना कधी कळू दिलं नाहीत. साहेबांच्या हातात मात्र देत नाही. त्यांचे हात मोकळे हवेत, खिशातून किल्ली काढायला.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. यानंतर वक्त्याने खाली बसायचं असतं. पण साहेब, मी इथेच उभी आहे.