दोन मॉनिटर आणि घरचा निळा झेंडा

बाबांना घेऊन कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्यायला जाऊ नये, हे मी आता कोणालाही शपथेवर सांगेन. मागच्या जयंतीला मी केलेला बॅनर जांभळा छापून आला. माझ्या जुन्या स्क्रीनवर तो निळाच दिसत होता, पण वस्तीत ऐकतो कोण? यंदा चुकले असते तर जयंतीची कमिटी बॅनरचं काम नागपूरच्या डिझायनरलाच देणार होती.

चंद्रपूरच्या दुकानात दोन मॉनिटर निवडायचे म्हणून मी एकेकावर बॅनरचं डिझाइन उघडून शेजारी घरचा निळा झेंडा धरत होते.

"अवं, साडी घ्याले आली का?" बाबा कुजबुजले. "तो मोठा घे. मॅच मस्त दिसन."

"त्याच्यावर निळा जांभळा दिसून राह्यला, बाबा."

"मंग हा लहान घे. पण दोन काऊन? डोकी दोन हायेत का तुले?"

"एकावर काम करीन, दुसऱ्यावर रंग पाहीन. तुम्ही चहा पिऊन या!"

ते गेले आणि मी झेंड्याशी जुळणारे दोन घेतले.

जयंतीच्या सकाळी बॅनर उलगडेपर्यंत मी झेंडा हातात धरून उभी होते. निळा! अगदी झेंड्यासारखा निळा. हुश्श करून मी पायरीवर बसले, तर मागे बाबा कमिटीला सांगत होते, "मीच म्हटलं पोरीले, मोठ्याच्या नादी लागू नको. अन् एकानं काय होते? दोन घे!"