आई विसरेल का?

तुम्ही मला चांगली आई समजत असाल, तर चहा खाली ठेवा आणि ऐका.

आमच्या चर्चमध्ये बायबलचं जुनं मराठी भाषांतर सुधारायचं काम चाललंय, मिस्साच्या प्रार्थनेत वाचलेलं लोकांना कळावं म्हणून. माझं मराठीत एम.ए., म्हणून फादरांनी मलाही बोलावलं. चार महिन्यांच्या रियाला घेऊनच जाते.

परवा एका संदेष्ट्याची ओळ आली. देव म्हणतो, एक वेळ आई तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुम्हाला विसरणार नाही.

मला राग आला. "फादर, आई विसरेलच कशी? 'आईसुद्धा विसरणार नाही' असं करा."

"अहो, मूळ हिब्रूत विसरते."

"मग लिहिणारा पुरुष असणार!"

फादर हसले आणि त्यांनी पेन्सिलीने माझी दुरुस्ती लिहून घेतली. रिया चर्चमधल्या सिस्टरांच्या खांद्यावर झोपली होती. मी कागद, डबा, डायपरची पिशवी सगळं नीट गोळा केलं, नमस्कार केला आणि रिक्षात बसले. हडपसरच्या सिग्नलला पिशवीतली दुधाची बाटली दिसली आणि मी किंचाळलेच. रिक्षा वळवून फोन लावला.

"फादर, रिया!"

"इथेच आहे, झोपलीय. आम्हाला वाटलं, तुम्ही रिक्षा बघायला गेलात."

मला रडू फुटलं. "मी कसली आई हो, फादर?"

"मूळ हिब्रूतली," फादर म्हणाले. "डोळे पुसा आणि सावकाश या. सिस्टरांचा खांदा अवघडलाय, पण त्या काही हलायच्या नाहीत."