गोंदा शिंप्याचा टेप

गप बसा आन ऐका. ए संपत, त्यो मोबाईल आधी खिशात घाल. घातला? रेकॉर्डिंग-बिकॉर्डिंग मला चालायचं न्हाई, आधीच सांगून ठेवतो. गेल्या दोन म्हैन्यात जे येतंय त्ये माज्या तोंडाम्होरं डबडं धरतंय. "आजोबा, त्या रात्री नक्की काय झालं?" आरं, मी तुजा आजोबा कवा झालो? आमच्यात च्या पितो, आमचीच शेंगदान्याची चटनी खातो, आन इचारतो काय? मुडदा कुठल्या कुशीवर पडला व्हता! सकाळी धार काढाया बसावं तर ह्ये गोठ्याच्या दारात हुबं. म्हस पान्हा चोराया लागली माजी.

हळद शिजाया आजून दोन तास हायेत. तवर सांगतो. मधी कुनी बोलायचं न्हाई. आन शेवंता, सारखी माज्या अंगठ्याच्या चिंधीकडं बगू नगंस. इळा लागलाय. बास.

तर त्यो दाढीवाला. तन्मय. आठवतोय न्हवं? पुन्यावरनं फटफटीवर यायचा, पाठीला दप्तर, हातात काठी आन काठीच्या टोकाला क्यामेरा. त्येनंच ह्यो उकिरडा उकरला. सेचाळीस वर्सं झाली त्या खुनाला! देशमाने कंपौंडर चिंचंच्या वढ्यात मरून पडला व्हता. कुनी मारला, कशापायी मारला, देवाला ठाऊक. तवा पेपरात दोन म्हैनं रोज आमच्या गावाचं नाव. मंग समदी इसरली. आमीबी इसरलो. म्हंजी इसरल्यावानी केलं.

आन आता ह्या बाबानं मोबाईलवर आठ भागांची मालिका काढली. लाखांनी बगितली म्हनं. त्यात काय सांगितलं? तर हैबतीनं मारला. दगड फोडनारा हैबती. त्येची रक्तानं माखल्याली पहार वढ्यात गावली, दोन पंचांच्या समक्ष गावली, जन्मठेप झाली, सहाव्या वर्सी जेलातच मेला. संपलं. एवढ्यावर थांबावं का न्हाई? न्हाई! शेवटच्या भागात सुंदराचं घर दावलं. हैबतीची लेक. तिचं दार, दारातली तुळस, दोरीवरची लुगडी, समदं.

सुंदराच्या नातीची, अस्मिताची, सुपारी फुटली व्हती. पावन्यांनी त्यो भाग बगितला आन निरोप धाडला, खुन्याच्या घरातली पोरगी आमाला नगं. लगीन पंधरा दिसांवर! ती म्हातारी आठ दिस दार उघडंना झाली. पोरगी उंबऱ्याच्या भाईर पडंना. ह्ये ध्यानात ठेवा. भुताचं नंतर.

आता ऐका. गेल्या बेस्तरवारची गोष्ट. त्यो तन्मय परत आला. नववा भाग काढायचा म्हनं. लोकांची लई मागनी हाय म्हनं. कुठली लोकं रं ही? ह्यास्नी शेतं-बितं, पोरंबाळं काय हायेत का न्हाईत? माज्याच वट्यावर बसून भाकरी खाल्ली आन दिवेलागन झाल्यावर म्हनतो, "आजोबा, मी ओढ्याच्या वाटेने जातो. अंधारात शूटिंग भारी येतं."

म्या म्हनलं, "बाबा, डांबरी सडक हाय, त्या सडकंनं जा. वढ्याच्या वाटंला गोंदा असतो."

"गोंदा कोण?"

"गोंदा शिंपी. त्या खटल्यातला पंच."

ह्येचे डोळं लकाकलं! "म्हणजे पंच नंबर एक! मी किती दिवस शोधतोय त्यांना. मुलाखत देतील का?"

"आरं, मेलाय त्यो! एकवीस वर्सं झाली मरून!"

"अच्छा," म्हनला, आन वहीत लिवून घेतलं. सांगा आता, अशा मानसाला काय सांगायचं? डोस्कं फोडून घेतलं तरी ऐकायचा न्हाई. निघाला. आमुशा दोन दिसांवर. मिट्ट काळोख. फटफटी माज्या दारात लावली, काठी खांद्यावर टाकली आन चालला बत्ती नाचवत.

चिंचंखाली पोचला. क्यामेरा लावला. बोलाया लागला, "मित्रांनो, मी आत्ता त्याच जागेवर उभा आहे..." तवर मागं कोनतरी खाकरलं.

वळून बगतो तर एक म्हातारा. काटकुळा. डोईवर टोपी, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. शिंपी टाकतो न्हवं गळ्यात, तसा. म्हातारा अदबीनं म्हनला, "पावनं, जरा ह्ये टोक धरता का?"

ह्येला वाटलं, गावचाच असंल कोनतरी. "काय मोजताय काका?"

"जागा मोजतोय. धरा की."

धरलं ह्येनं! भुतानं दिल्यालं टोक धरलं! म्हातारा टेप सोडत सोडत अंधारात गेला. धा पावलं गेला. ईस गेला. पन्नास गेला. आता मला सांगा, शिंप्याचा टेप केवढा असतो? शेवंता, तू शिवतीस न्हवं, सांग की. साठ इंच! पाच फूट! आन ह्यो टेप सरतच न्हाई. सुळसुळ सुळसुळ चाललाय वढ्यातनं.

पल्याडनं आवाज आला, "चिंचंपासनं पानी बावीस फूट. लिवा!"

मंग चिंचंच्या शेंड्यावरनं आला, "लिवा!"

मंग ह्येच्या कानाशी. हितं. अगदी हितं. "लिवलं का?"

बत्ती इझली. ह्येनं टोक सोडाया बगितलं, तर सुटंना! बोटाला चिकाटलंय. हात झटकतोय, झटकतोय, सुटंना! आन म्हातारा म्होरं हुबा. गेला कवा, आला कवा, काय कळलं न्हाई. ह्येच्या छातीभवती टेप गुंडाळला आन माप बोलाया लागला. "छाती छत्तीस. बाही चोवीस."

"काका, मला कपडे नाही शिवायचे!"

"कपडं कशाला? पंचाचं माप घेतोय. पंच मापात पायजे. गळा बगू."

आन टेप गळ्याला! गार. वढ्याच्या पान्यावानी गार. म्हाताऱ्यानं कानावरची पेन्सिल काढली, आवाज बदलला, फौजदाराचा लिवनारा बोलतो तसा बोलाया लागला. "आम्ही खाली अंगठा उठवणारे पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर ठिकाणी... बोला म्होरं."

ह्येला पाठच व्हतं. आठ भागांत आठ येळा बोलला व्हता. "सदर ठिकाणी रक्ताने माखलेली पहार मिळून आली."

"बगितली?"

"नाही, म्हणजे, कागदपत्रात आहे ना."

टेप एक वेढा आवळला.

"बगितली का?"

"सगळ्यांना माहितीये ते!"

आजून एक वेढा. ह्येचे पाय भुईवरनं सुटले! बगा तुमी, गळ्यात टेप, पाय अधांतरी, डोळं भाईर आल्यालं, आन त्यो क्यामेरा तिथं काठीवर निवांत.

"म्या इचारतोय काय आन तू सांगतोस काय? तुज्या डोळ्यांनी बगितली का?"

तवा त्यो वरडला. इतकं वरडला की हितं माजं कुत्रं भुकाया लागलं. "नाही! नाही बघितली! मी तेव्हा जन्मलोपण नव्हतो! मला काहीच माहिती नाही!"

टेप ढिला पडला. धपकन खाली आला ह्यो.

आन आता ऐका काय झालं. म्हातारा कपाळाला हात लावून मटकन चिंचंच्या मुळीवर बसला. वैतागून बसला! म्हनला, "मंग कशाला बोलतोस रं? न्हाई बगितलं तर कशाला बोलतोस? जो येतो त्यो न्हाई बगितल्यालं सांगतो. म्याबी त्येच केलं. सायबाला घाई, माजं दुकान उघडं, मशिनीवर कुनाचातरी सदरा अर्धा. म्हनलं, उठवावा अंगठा आन सुटावं. सुटलो का? सांग, सुटलो का मी?"

भूत रडत व्हतं. तन्मयनं माज्या गळ्याची आन घिऊन सांगितलंय. म्या म्हनलं, सोताच्या गळ्याची घे.

मंग म्हातारा उठला. "आन तुजा अंगठा. न्हाई बगितलं म्हनून लिवून दे." धरला अंगठा, दाबला कशावर तरी. "ह्यो झाला तुजा. पन ह्येनं माजं भागत न्हाई. पंच दोन लागत्यात. त्या दिशीचा दुसरा पंच कुठाय? एकवीस वर्सं हाका मारतोय त्येला. कुठाय त्यो?"

पळाला तन्मय! क्यामेरा तिथंच, एक बूट तिथंच. पळतोय तर मागनं टेप. सुळसुळ, सुळसुळ. बांधावर पडला, टेप घोट्याला लागला. लाथ हानली, सुटला, परत पळाला. काट्यातनं, ढेकळातनं, माज्या दारात यिऊन आडवा. गळ्याला लाल वळ आन अंगठा निळा. शाईनं निळा! रातभर म्या त्येला पानी पाजलं, घोंगडं पांघरलं. सकाळी गेला. बूट आनाया गेला न्हाई. सुंदराच्या घराचा त्यो भाग काढून टाकतो म्हनला, आन टाकला असंलबी. पन त्येनं काय व्हतंय? तन्मय बिचारा काल जन्मल्यालं पोर. त्येनं न्हाई बगितलं म्हनून पावनं थोडंच ऐकनार हायेत! ज्यानं बगितलं त्यानं बोलाया पायजे.

काय गं शेवंता? काय इचारायचंय? इचार एकदाचं!

...व्हय. दुसरा पंच कोन, त्येच न्हवं?

आता समदी माज्या अंगठ्याकडं बगताय न्हवं?

ही चिंधी. बगा. सोडतो. इळा न्हाई लागला. त्या रातीला तन्मयला आत वढला आन दार लावाया गेलो. तर उंबऱ्यावर टेपाचं टोक. पितळी पत्र्याचं. वढ्यापासनं हितवर आलं व्हतं आन माज्या उंबऱ्यावर थांबलं व्हतं. अंगठ्याला कायतरी गार लागलं. सकाळी बगतो तर ह्ये. राकेलनं घासला, चुन्यानं घासला, दगडावर घासला. कातडं निघालं, शाई निघंना. तुमच्या समद्यांचं हात हळदीनं पिवळं, आन माजा ह्यो बगा.

मी रेडकू हुडकत वढ्याकडं गेलो व्हतो त्या दिशी. फौजदारानं हाक मारली. गोंद्याला गळ्यातल्या टेपामुळं बलावला, जागा मोजाया. मला असाच. आमी पोचलो तवा वढ्यात पहार-बिहार काय नव्हतं. आमी दोघांनीबी बगितलं, काय नव्हतं. मंग एक हवालदार सायकलवर पोतं घिऊन आला. हैबतीच्या खोपटाकडनं आला. पोत्यात पहार. सायेब म्हनला, "हं, लिवा, मिळून आली." कागद कोराच व्हता. आमी अंगठं उठवलं आन घरला आलो. म्या भाकरी खाल्ली त्या दिशी. चवीनं खाल्ली.

कोर्टात वकिलानं इचारलं, पहार तुमच्या समक्ष गावली का? गोंद्यानं माज्याकडं बगितलं. त्येचं व्हट हालत व्हतं, त्यो न्हाई म्हननार व्हता, मला ठाऊक हाय. म्या आधी व्हय म्हनलं. मंग त्योबी व्हय म्हनला. हैबती पिंजऱ्यात हुबा. माज्या परड्यातली हीर त्येनंच खंदलीय. त्यो नुसता बगत व्हता माज्याकडं. मला लाज वाटली. तवाबी वाटली आन रोज वाटती. पानी शेंदताना वाटती.

मरताना गोंद्यानं बलावून घेतलं व्हतं मला. म्हनला, "पिराजी, चल, दोघं जाऊन सांगू." म्या म्हनलं, "आता कशाला उकरायचं?"

तर ऐका, आन कानाला खडा लावा. वढ्याच्या वाटंनं दिस बुडल्यावर कुनी जायचं न्हाई. गोंदा वाईट न्हाई, पन आता त्येला दम निघंना झालाय. जो गावंल त्येला धरील. त्येला पायजे मी, आन मापं तुमची काढील. मी जाऊन येस्तवर ती वाट बंद. उद्या उजाडलं की आधी सुंदराच्या दारात जानार. तिनं तोंडावर थुकलं तर थुकू दे. तिथनं पावन्यांच्या गावाला. पन म्हाताऱ्याचा काय भरवसा, रातीत गचाकलो तर? म्हनून म्हनतो.

संपत, त्यो मोबाईल काढ. काढ म्हनतोय! मघाशी घाल म्हनलं, आता काढ म्हनतोय, त्यात एवढं तोंड वासाया काय झालं? लाव. माज्या तोंडावर धर, हळदीच्या काहिलीवर नगं. हा अंगठाबी दिसू दे. झालं सुरू?

मी खाली अंगठा उठवणारा पंच, पिराजी बाळा खोत, समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर ठिकाणी पहार नव्हती. पोत्यातनं आनली. म्या माज्या डोळ्यांनी बगितलं.