जाऊबाईंची भाकरी आणि माझं विज्ञान

हसू नका, पण मी एकदा चक्क ज्वारीच्या भाकरीवर जळले होते. माझी दीड वर्षाची इरा माझ्या हातचा घास थुंकायची आणि मोठ्या जाऊबाईंनी दुधात कुस्करलेली भाकरी वाटीभर संपवायची. वर हसायचीही त्यांच्यासारखीच, डोळे बारीक करून.

त्याच आठवड्यात मी वाचलं, की वनस्पतींमधले मायक्रो-आरएनए नावाचे बारीक रेणू अन्नातून आपल्या शरीरात जाऊन जनुकांचं काम कमीजास्त करत असावेत. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, असंही तिथेच लिहिलं होतं. तेवढं मी सोयीस्करपणे सोडून दिलं. बीएस्सी झालेय ना मी!

जाऊबाईंना म्हटलं, "ताई, इराला तुमची भाकरी नको. ज्वारीतलं काहीतरी तिच्या जनुकांवर परिणाम करतंय. तुमच्यासारखी व्हायला लागलीय ती."

पीठ मळता मळता त्या थांबल्या. "म्हंजे ज्याच्या रानातली ज्वारी, त्याच्यावर पोर जाणार म्हणतीस?"

"तसंच काहीतरी."

"मग तुझ्या वडलांवर जाईल की! बार्शीहून पोती तेच पाठवत्यात."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पोरगी माझी, ज्वारीही माझ्याच माहेरची. लगेच मी भाकरी कुस्करली, दूध घातलं आणि इरापुढे घास धरला.

तिनं तो माझ्या हातातून अलगद घेतला आणि जाऊबाईंना भरवला.