दारावरची राखण

(शनिवार दुपार. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं स्लेट फोर्क गाव. ओरिन टॅकेटच्या घराचा ओटा. ओरिन आणि त्याची बायको वर्लीन उद्याच्या मंडळीच्या जेवणासाठी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेत. समोर त्यांच्या बाप्टिस्ट चर्चच्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, लाइल स्टॅम्पर.)

ओरिन : दर रविवारी चर्चच्या मागच्या दाराला दोघं, गाड्यांपाशी एक आणि समोर मी. कमरेला पिस्तूल, वर कोट. इतकी वर्षं हेच चाललंय. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

लाइल : राखण चोखच आहे, ब्रदर ओरिन. मी वेगळ्याच गोष्टीसाठी...

ओरिन : चोख असायलाच हवी. प्रार्थनेला बसलेल्यांवर गोळ्या झाडणारे माथेफिरू निघालेत या देशात. आणि शहरातले शहाणे आम्हालाच सांगतात, बंदुका टाका म्हणून! लांडग्यानं दात काढून ठेवावेत, मग मीही ठेवतो.

वर्लीन : तुझे आहेत कुठे काढायला? कवळी तर रोज ग्लासात बुडालेली असते.

ओरिन : तू शेंगा मोड.

वर्लीन : मोडतेच आहे. लाइल, तूही घे एक मूठ. आल्यापासून टोपी नुसती गोल गोल फिरवतोयस. काय सांगायला आलास ते सांग एकदाचं.

लाइल : उद्या उपासनेनंतर एक जण मंडळीत घ्या म्हणून पुढे येणार आहे. बाप्तिस्मा झालाय त्याचा.

ओरिन : मग अडलंय कुठे? हल्ली आपण माणसं पुरतोच जास्त, नवी येतात कुठे? कोण आहे?

लाइल : कोडी रेनफ्रो.

वर्लीन : ओरिन, पातेलं खाली ठेव. सांडेल.

ओरिन : पुन्हा म्हण.

लाइल : कोडी रेनफ्रो. तुरुंगात बाप्तिस्मा झाला. मीच दिला.

ओरिन : तू दिलास. ज्यानं दुकान लुटताना माझ्या पोराच्या, डेलच्या छातीत गोळी घातली, त्याला तू पाण्यात बुडवलंस. मग वर कशाला काढलंस?

वर्लीन : ओरिन!

ओरिन : नाही, मला विचारू दे. डेलला आणि ह्या लाइलला एकाच बाकावर बसवून मी रविवारच्या शब्बाथशाळेत बायबल शिकवलं. ह्यानं डेलच्या शवपेटीला खांदा दिला. माझ्या बाजूला होता, पुढच्या अंगाला. आणि तोच आज माझ्या ओट्यावर येऊन सांगतो, पाळकसाहेब, की त्या खुन्याला आपला भाऊ म्हणा!

लाइल : डेल माझाही होता, ब्रदर ओरिन. पहिल्यांदा तुरुंगात गेलो ना, ते उपदेश करायला गेलो नव्हतो. त्या माणसाला मरताना बघावं, इतकीच इच्छा होती. कुणीतरी म्हणालं होतं, तो आजारी आहे.

ओरिन : मग मेला का नाही?

लाइल : नाही मेला. मी पुन्हा गेलो. मग जातच राहिलो.

ओरिन : तीस वर्षं सांगितली होती न्यायाधीशानं. बावीसच भरली. आठ सोडली, आणि कुणी सोडली? ज्याच्या निवडणुकीच्या पाट्या मी अख्ख्या रस्त्याला ठोकल्या, ज्याच्यासाठी ह्या गुडघ्यांनी दारोदार हिंडलो, त्यानं. आपल्याच पक्षाचा! म्हणे नवा कायदा करून तुरुंगावरचा खर्च वाचवू, कर कमी करू. त्या दुसऱ्यांकडून मला आशाच नव्हती, ते तर चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे. पण आपला माणूस? घरचाच भेदी निघाला.

लाइल : मीही त्यालाच मत दिलं होतं.

ओरिन : मग जा, दोघं मिळून कोडी रेनफ्रोची मिरवणूक काढा. अरे, गुन्हा केला तर शिक्षा भोगावी, पुरती भोगावी, एवढंच तर मागत होतो मी. ह्यात काय वाईट मागितलं? देवानंच राजाच्या हाती तलवार दिली. ती काय भाजी चिरायला?

लाइल : नाही. माझंही तेच मत आहे. उद्या कुणी असला गुन्हा केला तर मी न्यायाधीशाला सांगेन, दया करू नका. पण तलवार राजाला दिली, ब्रदर ओरिन. मंडळीच्या दाराला नाही दिली.

ओरिन : शब्द बरे जुळवतोस.

लाइल : तुम्हीच शिकवलेत.

ओरिन : तर मग ऐक. आपल्या मंडळीत माणूस घ्यायचा तर सगळ्यांची संमती लागते. एका तोंडून 'नाही' निघालं की संपलं. ते तोंड उद्या माझं असेल. देवाला त्याला माफ करायचं तर खुशाल करावं, देव मोठा आहे. मी कोण माफ करणारा? गोळी मला लागली नाही. ज्याला लागली त्याला विचारून ये, जा.

लाइल : त्याला विचारता आलं असतं तर आधी त्याच्याकडेच गेलो असतो.

ओरिन : मग टोपी घाल आणि निघ.

लाइल : अजून एक राहिलंय. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय तो उद्या येणार नाही. तो मागच्या रविवारी आला होता.

ओरिन : कुठे?

लाइल : आपल्याकडे. उपासनेला.

ओरिन : शक्य नाही. दारात मी होतो. तो सुटल्यापासून त्याचा फोटो माझ्या पाकिटात आहे. मागच्या दाराच्या दोघांनाही दाखवलाय. हा बघ. हे लाल केस, ही मग्रूर हनुवटी. माझ्या डोळ्यांसमोरून हा आत जाईल?

लाइल : कधीचा फोटो आहे हा?

ओरिन : खटल्याच्या वेळचा. पेपरातला.

लाइल : म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोराचा.

ओरिन : मग?

लाइल : मग काय, ब्रदर ओरिन? तो एक्केचाळीसचा झालाय. आणि दिसतो साठीचा. डोक्यावर केस नाहीत. छाती गेलीय. राखाडी शर्ट होता अंगात, जरा मोठाच.

ओरिन : तो खोकणारा?

लाइल : हो.

ओरिन : तो... मला वाटलं खाणीतला असेल कुणी. कोळशानं फुप्फुसं खाल्लेला. माझे वडील तसेच खोकायचे. मी म्हटलं, बिचारा.

लाइल : तोच.

ओरिन : मी हात धरला त्याचा.

लाइल : दोन्ही हातांनी. म्हणालात, उशीर झाला म्हणून काय झालं, घरी आलास ना!

ओरिन : ते मी सगळ्यांनाच म्हणतो! दर रविवारी म्हणतो! त्याला नव्हतो म्हणालो मी!

लाइल : ठाऊक आहे.

ओरिन : कॉफी दिली त्याला. साखर किती म्हणून विचारलं. अरे देवा! माझ्या पोराला मारणाऱ्याला मी साखर विचारली. त्यानं ओळखलं मला?

लाइल : पायरी चढतानाच. मागे फिरणार होता, पण हात तुमच्या हातात होता.

ओरिन : आणि गप्प राहिला. चोर तो चोरच.

लाइल : तोही हेच म्हणाला. प्रवचन संपायच्या आत उठून गेला, तो माझ्या घराच्या ओट्यावर बसून राहिला. मी परतलो तर म्हणाला, "पाळक, मी पुन्हा चोरी केली. त्यांचा हात चोरला. ठाऊक असतं तर त्यांनी दिला नसता. त्यांना सांगा. ते नको म्हणाले तर ह्या गावात पाऊल टाकणार नाही." म्हणून मी आलो. आठवडा लागला मला यायला, धीर होत नव्हता.

ओरिन : बसवलं कुठे मी त्याला? आठवत नाही. शेवटच्या रांगेत?

वर्लीन : शेवटून दुसऱ्या. माझ्या बरोब्बर पुढे.

ओरिन : तुझ्या पुढे?

वर्लीन : तूच आणून बसवलंस. वर मला म्हणालास, वर्लीन, ह्यांना गाण्याचं पुस्तक दे.

ओरिन : आणि तू दिलंस.

वर्लीन : दिलं. मग तो पुढे वळून बसला आणि मला त्याची मान दिसली. डाव्या कानाखाली तो डाग आहे ना, पानासारखा. तुझ्या फोटोत नाही तो. खटल्यात सगळे दिवस मी त्याच्या मागे बसले होते, ओरिन. तू न्यायाधीशाकडे बघायचास. मी त्या मानेकडे बघायचे. कशानं आवळावी ह्याचा विचार करायचे.

लाइल : सिस्टर वर्लीन, तुम्हाला ठाऊक होतं?

वर्लीन : पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीपासून.

ओरिन : आणि सबंध आठवडा तू माझ्या शेजारी झोपलीस. मला जेवायला वाढलंस. एक शब्द बोलली नाहीस!

वर्लीन : नाही बोलले.

ओरिन : का?

वर्लीन : तुझ्या कमरेला पिस्तूल होतं.

ओरिन : मी... देवाच्या घरात? मी गोळी घातली असती असं वाटलं तुला?

वर्लीन : मला माहीत नव्हतं. तुलाही माहीत नव्हतं. आज तरी माहीत आहे?

ओरिन : तू शेंगा मोड.

वर्लीन : बघ.

लाइल : मी निघू का? तुम्ही दोघं...

वर्लीन : बस तू. आता आलायस तर ऐक. मी त्याला माफ केलं का, हे कुणी विचारू नका मला. सकाळी माफ करते, संध्याकाळी परत घेते. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर गायले. आवाज कसा निघाला ते देव जाणे. आणि सारखी एकच प्रार्थना करत होते, हा मागे वळून न बघो. वळला नाही. उठून गेला तेव्हा पुस्तक नीट बंद करून बाकावर ठेवून गेला.

ओरिन : म्हणजे उद्या तू त्याच्या बाजूनं.

वर्लीन : मी कुणाच्या बाजूनं नाही. मी थकलेय. बावीस वर्षं तो पोरगा आपल्या टेबलाशी जेवायला बसतोय. डेल नाही, तो. तुझ्या तोंडात रेनफ्रो, त्याचा वकील, सुटकेची सुनावणी, नवा कायदा, मत कुणाला. मी सगळं ऐकलं, तुझ्याबरोबर पाट्याही ठोकल्या. चूक होतं असं म्हणत नाही मी. पण ह्या घरात डेलचं नाव निघालं की पाठोपाठ गोळी निघते. मला माझा मुलगा हवाय, ओरिन. तुझ्याकडे आहे का तो?

ओरिन : हे काय बोलणं झालं? मी बाप आहे त्याचा.

वर्लीन : मग सांग एखादी गोष्ट त्याची. कुठलीही. जिच्यात रेनफ्रो नाही अशी.

ओरिन : त्या दिवशी दुकान बंद करायला तो...

वर्लीन : ती नको. ती पाठ आहे मला.

ओरिन : थांब जरा. आठवू दे.

वर्लीन : आठव. शेंगा पुष्कळ आहेत.

ओरिन : बेडूक.

वर्लीन : काय?

ओरिन : बाप्तिस्म्याच्या हौदात बेडूक सोडले होते त्यानं. दहा-अकराचा असेल. त्या जाड्या मेबलबाईंना बुडवायला नेलं तर एक बेडूक त्यांच्या बाहीतून बाहेर आला. जुने पाळक ओरडले, सैतान! आणि हा कार्टा गाणाऱ्यांच्या मागे लपून तोंडात रुमाल कोंबून... कान लालभडक झाले होते हसून हसून. मी पट्टा काढला होता घरी आल्यावर. मारलाच नाही. मलाच हसू आवरेना.

वर्लीन : मला तू सांगितलंस मारलंस म्हणून!

ओरिन : तू चिडली होतीस. त्याला म्हटलं, नुसता ओरड, आई ऐकतेय.

लाइल : बेडूक धरले होते मी. तो नुसता सोडायला होता.

ओरिन : तू? लबाडा! तुझ्या आईला मी शपथेवर सांगितलं होतं, लाइलचा काही संबंध नाही म्हणून.

लाइल : म्हणूनच गप्प राहिलो. तुम्ही खोटे पडू नये.

वर्लीन : हसतोयस तू, ओरिन.

ओरिन : हसत नाहीये मी.

वर्लीन : बरं. हा घे रुमाल.

ओरिन : त्याचे कान विसरलो होतो मी, वर्लीन. लाल व्हायचे ते. पार विसरलो होतो गं.

वर्लीन : मी नाही विसरले. विचारायचंस की मला.

ओरिन : लाइल.

लाइल : बोला.

ओरिन : उद्या समोरच्या दारावर दुसऱ्या कुणाला उभं कर. मी वर्लीनच्या शेजारी बसणार. कोट घालणार नाही, कोटाखालचंही काही नसेल.

लाइल : करतो.

ओरिन : आणि त्याच्या तोंडावर मला 'भाऊ' म्हणायला लावशील तर याद राख. हात मिळवायला सगळे रांगेत उभे राहतील, मी राहणार नाही.

लाइल : नका राहू.

ओरिन : शिक्षा कमी झाली हे माझं म्हणणं बदललेलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्या कायदेवाल्याला मी पाडणार. दारोदार जाऊन पाडणार.

वर्लीन : मी पाट्या धरीन.

लाइल : आणि उद्या मी मंडळीला विचारीन तेव्हा, कुणाची हरकत आहे का म्हणून?

ओरिन : गप्प बसेन. एवढंच जमेल माझ्यानं. तेही जमलं तर.

लाइल : पण ब्रदर ओरिन, गप्प राहणाऱ्याचा आपल्याकडे होकार धरतात.

ओरिन : ठाऊक आहे मला. हा नियम तुला शिकवला कुणी?