पांढरा ठिपका

सासऱ्यांचे रिपोर्ट घ्यायला ती छातीच्या डॉक्टरांकडे बसली होती. जगभरात कोळशाची वीजकेंद्रं कुठे उभी राहतात, कुठे रद्द होतात, हे नकाशावर ठिपक्यांनी दाखवायचं, ही तिची नोकरी. शेजारी मावशी-भाची बोलत होत्या.

"खोकून खोकून बरगड्या दुखतायत गं. धुराच्या तक्रारीचं काय झालं?"

"प्रदूषणाच्या ऑफिसातल्या साहेबांनी वाटेला लावलं. म्हणाले, तुमच्याकडचं वीजकेंद्र केव्हाच रद्द झालंय."

"मग माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी कुठून येते?"

"तेच विचारलं. तर नकाशा उघडून दाखवला. आपल्या जागी पांढरा ठिपका. पांढरा म्हणजे रद्द."

"अगं, कंपनीने जुन्या नावाचं रद्द केलं आणि नव्या नावाने तिथेच बांधलं."

"नकाशावाल्यांना काय त्याचं. जुनं नाव खोडलं आणि मोकळे झाले."

"एकदा येऊन बघायचं तरी."

शेजारी ऐकत बसलेल्या तिने उगाच पर्स उघडली, पुन्हा बंद केली. भाचीच्या हातातल्या तक्रारअर्जावर गावाचं नाव होतं. तिथला ठिपका तिनेच पांढरा केला होता, आणि त्यासाठी ऑफिसात तिचं टाळ्या वाजवून कौतुक झालं होतं.

"ताई, तुम्ही काय करता?" मावशीने विचारलं.

"शाळेत चित्रकला शिकवते."

"छान," मावशी म्हणाली, आणि खोकला आला तसं तिने तोंड पलीकडे वळवलं, ताईंना त्रास नको म्हणून.