आवाज बंद केलेली लेक

या मंडळी, पुढं सरका! आधी एक करा. खिशातले, पिशवीतले फोन काढा आणि आवाज बंद करा. केला? मागच्या खांबापाशी बसलेल्या काकू, तुमचासुद्धा! शाबास. आता कीर्तन संपेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही.

तर माझा प्रश्न ऐका. आपण कुणावर जीव लावला. पहिले दिवस गोड गेले. मग गोडी आटली — रोज तेच रडगाणं, तेच गाऱ्हाणं! तर गोडी आटली म्हणून नातं सुटतं का? बोला की! गप्प का? बरं, मग गोष्टच ऐका.

घाटमाथ्यावरच्या एका गावात कौसल्याबाई ढवळे राहायच्या. नवरा वारलेला. एकुलती एक लेक सारिका, ती घाटाखाली दिलेली. दिलेली कसली — पोरीनं स्वतःच पसंत केलेला मुलगा! प्रेमाचं लग्न! सारिका रोज दिवेलागणीला फोन करायची आणि आई कानांत प्राण आणून ऐकायची. "आई, आज यांनी गजरा आणला गं!" "आई, आज गाडीवरून देवीला गेलो!" कौसल्याबाई नुसत्या खूश!

त्याच सुमाराला टीव्हीवर मालिका लागली, 'जीव तुझ्या उंबऱ्याशी'. नायिका मृण्मयी, नायक शौर्य. अहो, काय ते प्रेम! ती शिंकायच्या आधी हा रुमाल घेऊन हजर! आमच्या तबलजींच्या सौभाग्यवती त्यांना म्हणाल्या, "शिका जरा!" — तेव्हापासून तबलजींचा ताल बिघडलाय.

तर सगळी आळी संध्याकाळी कौसल्याबाईंच्या घरात. आणि मालिकेत लग्न लागलं तेव्हा या बायकांनी काय केलं? टीव्हीपुढं रांगोळी काढली, पाट मांडला, मंगलाष्टकांना पडद्यावर अक्षता टाकल्या! हसू नका, तुमच्यातल्याही दोघी-तिघींनी टाकल्यात! पाठवणीला मृण्मयी रडायला लागली, तशा कौसल्याबाई उठल्या. जांभळा खण आणि नारळ घेऊन त्यांनी टीव्हीपुढं तिची ओटी भरली. भरताना हळदीचं बोट लागलं आणि खणाच्या काठाला डाग पडला. म्हणाल्या, "पोरी, आजपासून तू माझी माहेरवाशीण. काही कमीजास्त झालं तर हाक मार, मी न्यायला येईन."

मंडळी, ओटी भरून दिलेला शब्द! तो काय खेळ असतो?

दिवाळीला सारिका आली तेव्हा तोच खण तिच्या ओटीत घातला. "डाग पडलाय, पण चोळी शिव. वाया कशाला घालवायचा?"

पुढं मालिकेची रया गेली. शौर्याची आठवण गेली, परत आली, मग तोंडच बदललं — आधीचा नट पळाला असणार! कुणी दुधात विष कालवतंय, कुणी जिन्यावर तेल ओततंय. प्रेमाचं नाव नाही. मृण्मयी आपली उंबऱ्यात बसून रडते. आळीतल्या बायका एकेक करून गळाल्या. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "कंटाळा आला बाई, तेच ते!" कौसल्याबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र तेवढं ठेवलं, रिकाम्या घरात सोबतीला.

आणि तिकडून सारिकाचा फोन यायचाच. आता त्यात गजरा नाही, देवी नाही. "आई, हे माझ्याशी बोलतच नाहीत गं." "आई, सासूबाई जेवू देत नाहीत." "आई, चार दिवस ने ना मला." आई म्हणायची, "अगं, संसार म्हणजे असंच असतं. होईल नीट." रोज तेच! एक दिवस कौसल्याबाईंनी फोनचाही आवाज बंद केला आणि तो फळीवर पालथा घातला.

दोन्ही लेकी मुक्या झाल्या, मंडळी.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका तिन्हीसांजेला कौसल्याबाई तांदूळ निवडत होत्या. सहज वर पाहिलं. पडद्यावर ती उंबऱ्यात बसलेली, नेहमीसारखी. पण मालिकेतली माणसं बघतात कुणाकडं? एकमेकांकडं! ही बघत होती थेट कौसल्याबाईंकडं! बाई डावीकडं सरकल्या — डोळे डावीकडं वळले. बाई उठून स्वयंपाकघराच्या दारात गेल्या — डोळे दारापर्यंत आले! ओठ हलत होते. पुन्हा पुन्हा तेच काहीतरी. आणि अंगात चोळी कसली? जांभळ्या खणाची. काठाला हळदीचा डाग.

त्यांनी आवाज चालू केला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी हळू —

"आई, न्यायला ये."

आणि चित्र गेलं! त्या जागी एक बाई हसत हसत वांगी चिरत होती.

कौसल्याबाई तशाच सुमनताईंकडं धावल्या. "अगं, त्या मृण्मयीला काय झालं बघ!"

"कोण मृण्मयी? ती मालिका संक्रांतीच्या आधीच गुंडाळली की! आता त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लागतो."

"अगं, मी रोज बघते! रोज उंबऱ्यात बसलेली असते!"

तुम्हीच सांगा मंडळी, मग रोज उंबऱ्यात बसत होतं कोण?

कौसल्याबाईंना तो खण आठवला. तो कुणाला दिला, तेही आठवलं. घरी येऊन फळीवरचा फोन उलटला. सारिकाचे न उचललेले फोन पडदाभर! शेवटचा आठवड्यापूर्वीचा, पुढं काही नाही. लावला, तर बंद. सुमनताईंच्या मालकांनी जीप काढली. घाट उतरेपर्यंत बाई एकच म्हणत होत्या, "देवा, मला उशीर नको."

सासू दारातच म्हणाली, "असेल इथंच कुठं. तिला काय झालंय?" कौसल्याबाई तिला बाजूला सारून घरामागं गेल्या. तिथं आड होता. आडाच्या कठड्यावर सारिका बसलेली, पाय आत सोडून. अंगात जांभळी चोळी. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आईनं मागून कवटाळलं आणि दोघी मागं मातीत पडल्या.

"आई? तुला कुणी सांगितलं? माझा फोन तर यांनी आठवड्यापूर्वीच काढून घेतला."

"तूच हाक मारलीस ना गं!"

"मी? मोठ्यानं बोलणं सोडलंय मी, आई. दिवेलागणीला उंबऱ्यात बसून मनातल्या मनात म्हणते नुसतं."

मंडळी, माझ्या अंगावर काटा येतो हे सांगताना! मालिकेची गोडी गेली? खुशाल सोडा! देव रागावणार नाही, झाली तर मदतच करेल. पण माणसाचं दुःख रटाळच असतं हो. ते बिचारं रोज नवं काय आणणार? ते तेच ते सांगणार, आणि आपण तेच ते ऐकायचं. जीव लावला होता ना? ओटी भरली होती ना? कौसल्याबाईंवर कृपा झाली, पालथ्या फोनातून नाही, तर टीव्हीतून हाक आली. तुमच्या घरी तशी येईल, याच्या भरवशावर राहू नका.

मघाशी मी तुम्हाला आवाज बंद करायला लावलं. आता काढा ते फोन आणि बघा, कोण हाक मारून गेलंय ते.

ते बघा — मागच्या खांबापाशी एका पिशवीत उजेड पडतोय. मघापासून सारखा पडतोय, मी इथून बघतोय. काकू, तुमचीच ना पिशवी? कुणाचं नाव दिसतंय? ...लेकीचं?

टाळकरी, थांबा. गजर नंतर करू, देवाला ताटकळायची सवय आहे. काकू, बाहेर जाऊ नका, इथंच उचला. आम्ही सगळे गप्प बसतो.